सांड्याचा सातबारा

जैसलमेरला जाणारी मराठी मंडळी वाळूच्या टेकड्या पाहून परत येतात. सम गावाला उंटावर बसायचं, मावळतीचे फोटो काढायचे, रात्री तंबूपुढे नाचगाणं आणि दालबाटी, दुसऱ्या दिवशी किल्ला, पटवा हवेली आणि वेळ उरलाच तर लोंगेवाला. त्यात गैर काही नाही. पण थारचा फार मोठा भाग टेकड्यांचा नाहीच. तो सपाट, घट्ट, खडीमुरमाचा आहे. त्यावर गुडघाभर झुडपं, सेवण गवताचे पुंजके, मध्येच केरची एखादी जाळी, लांबवर एक खेजडी, म्हणजे आपली शमी. टॅक्सीवाला या पट्ट्यातून शंभरच्या वेगानं गाडी काढतो आणि मागच्या सीटवरचे लोक झोपलेले असतात.

टेकड्यांवर जीव नाहीत असं नाही. लोंगेवालाच्या परिसरात बेडूकडोक्या सरड्याची एक बोटभर जात आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातच ते गाव आहे: ब्युफोनिसेप्स लौंगवालाएन्सिस. १९७१ च्या लढाईमुळे गाव आपल्याला तोंडपाठ, सरडा मात्र कुणाच्या गावीही नसतो. भुसभुशीत वाळू सोडून तो कुठेच राहत नाही. पाऊल वाजलं की जागच्या जागी अंग थरथरवतो आणि बघता बघता वाळूखाली जातो. आपण तिथंच डोळे लावून बसलेलो असतो, तरी नेमकी जागा सांगता येत नाही.

मला मात्र वेड लावलं ते त्या सपाट जमिनीनं आणि तिथल्या सांड्यानं, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्यानं.

सांडा महाराष्ट्रात नाही. राजस्थान, कच्छ, हरियाणाचा थोडा भाग आणि सीमेपलीकडे पाकिस्तान, एवढाच त्याचा मुलूख. थोराड नर दीड फुटापर्यंत भरतो, मादी थोडी लहान. डोकं गोलसर आणि बोथट, अंग चपटं, कातडी सैल, आणि शेपटीवर काट्यांची कडी एकामागून एक. दिसायला उग्र, स्वभावानं अगदी गाय. भारतातल्या सरड्यांमध्ये हा शाकाहारी म्हणून वेगळा: पिल्लं किडे टिपतात, पण मोठा झालेला सांडा पानं, फुलं, शेंगा, गवताचं बी यांवरच जगतो.

तो बघायचा तर मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं की. आमच्या जीपचे चालक साठी ओलांडलेले, त्यांना सगळा गाव काकोसा म्हणतो म्हणून मीही म्हणायचो. मला पहाटे उठून निघायची हौस. ते शांतपणे चहा पीत म्हणायचे, "हुकुम, सांडा घडी देखके निकलता है. आप भी आराम से निकलो." पक्ष्यांच्या नादानं अंधारात उठणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, उन्हानं दिलेलीच असते. त्याला घाई करून चालत नाही, आणि त्याला बघणाऱ्यालाही.

बिळापासून पंचवीस-तीस पावलांवर जीप उभी करून आत बसून राहायचं. उतरायचं नाही, दार वाजवायचं नाही. बिळाचं तोंड खाली सपाट आणि वर कमानीचं, अर्धचंद्र म्हणावं तसं, रुंदी वीतभरही नाही. पुढ्यात उकरलेल्या मातीचा ढिगारा. रात्री हे तोंड आतून मातीनं बुजवलेलं असतं, त्यामुळे सकाळी पहिली हालचाल दिसते ती मातीची. ती जरा फुगते, मग तडकते, मग तिच्यातून एक नाकाडं बाहेर येतं आणि तिथंच थांबतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग खांद्यांपर्यंत. मग पुन्हा आत. आपण मोबाईल काढायला खाली बघावं आणि वर बघेपर्यंत सबंध प्राणी ढिगाऱ्यावर आलेला असावा, हा ठरलेला प्रकार.

थंडीतून आलेला सांडा काळपट असतो, पाटीच्या दगडाच्या रंगाचा. काळा रंग ऊन लवकर पितो. तो बरगड्या पसरतो, पोट जमिनीला टेकवतो आणि वाळत घातलेल्या पापडासारखा चपटा होऊन उन्हाच्या दिशेला कलतो. अर्ध्या तासात त्याचा रंग उतरायला लागतो. आधी पाठ राखाडी, मग मळकट पिवळी, आणि अंग पुरतं तापलं की आसपासच्या मातीत मिसळून जावी अशी फिकी. मांडीवरचा काळा डाग तेवढा उठून दिसतो. आता तो चरायला निघतो. चरणं हाच शब्द बरोबर आहे. चार पावलं चालतो, मान वर करून आकाश बघतो, एका खुरट्या झुडपाची फुलं ओरबाडतो, चावतो, पुन्हा आकाश. बिळापासून फार लांब जात नाही. एकदा वरून लग्गड ससाणा सरकत गेला. सावली आमच्यापर्यंत यायच्या आधीच सांडा बिळाच्या तोंडाशी पोचला होता. डोकं आत, अंग आत, आणि क्षणभर नुसती काटेरी शेपटी दारात आडवी. पाठलाग करणाऱ्या कोल्ह्याला किंवा घोरपडीला तोंडात धरायला मिळालीच तर ही शेपटीच मिळते.

बीळ तिरकं खाली जातं, मध्ये वळतं आणि दोन मीटरहूनही लांब असू शकतं. उन्हाळी दुपारी थारची उघडी जमीन साठ अंशांच्या वर तापते, आणि जानेवारीत पहाटे तिथं दवाचा बर्फ होतो. आत या दोन्ही टोकांची धग पोचत नाही. एका बिळात एकच सांडा. थंडीचे महिने तो आतच काढतो, दार बुजवून, काही न खाता. पाणी तो जवळजवळ पीतच नाही. पानांतली ओल आणि दव एवढ्यावर भागवतो. वर्षातून एकदा अंडी, कबुतराच्या अंड्याएवढी, जमिनीखालीच. पिल्लं पावसाच्या सुमारास बाहेर येतात, कारण तेव्हाच किडेही असतात आणि कोवळं गवतही.

म्हणजे या प्राण्याच्या जगण्याचा पाया अन्न नव्हे, जमीन. ती पुरेशी घट्ट हवी, नाहीतर बीळ ढासळतं. पुरेशी मऊ हवी, नाहीतर खणता येत नाही. पाणी तुंबणारी नको, नांगरलेली नको, झाडांनी झाकलेली नको. एवढ्या अटी पुऱ्या करणारी जागा सापडली की तिथं शेजारी शेजारी डझनावारी बिळं असतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर एकही नसतं. चुरू जिल्ह्यात ताल छापरला काळवीट बघायला लोक जातात. तिथल्या सांड्यांच्या वस्तीभोवती हिवाळा सरता सरता शिकारी पक्ष्यांची जी जत्रा भरते ती पक्षीवाल्यांना पक्की ठाऊक आहे. तपकिरी गरुड, लग्गड, तीसा, लांब पायांचा बाज. वाळवंटी मांजर, कोल्हा, वाळवंटी घोरपड हे पायी येणारे. माळढोकसुद्धा सांडा खातो. पानाफुलांचं मांस करून देणारा एवढा मोठा, एवढा सहज सापडणारा प्राणी या रुक्ष माळावर दुसरा नाही. हरीण मोठं पडतं, उंदीर लहान पडतो.

माणसालाही तो सापडतोच.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या एस्टी स्टँडबाहेर बाजारच्या दिवशी एक माणूस चादर अंथरून बसायचा. स्टोव्हवर काळी कढई, बाटल्यांची रांग, आणि चादरीवर चार-पाच सांडे, जिवंत. आम्हा पोरांना कोडं पडायचं की हे पळून का जात नाहीत. तो म्हणायचा, मंत्र घातलाय. खरा प्रकार पुष्कळ वर्षांनी वाचनात आला. पकडल्याबरोबर त्यांचा कणा मोडतात. प्राणी जिवंत राहतो, डोळे उघडे, मान हलते, मागचं अंग निकामी. गिऱ्हाईकाला माल ताजा दिसला पाहिजे म्हणून हे. मग पोटातली आणि शेपटीच्या बुडाशी साठलेली चरबी काढून वितळवायची आणि ते 'सांडे का तेल' सांधेदुखीपासून पुरुषांच्या सगळ्या न बोलायच्या तक्रारींपर्यंत कशावरही विकायचं. त्यात औषधी गुण असल्याचं कुठल्याही विज्ञानानं दाखवलेलं नाही. ती चरबी आहे, बस. थंडीतल्या उपासासाठी त्या प्राण्यानं शेंगाफुलं खाऊन जमवलेली शिदोरी.

पकडणं फार सोपं. बीळ उघड्यावर, पुढ्यात ढिगारा, आत कोण ते ठरलेलं. कुदळ मारायची. जनावर चपळ असून उपयोग नाही, कारण ते पळून जाऊन जाऊन घरातच जातं. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचा लगाम आहे, जागतिक लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. चादरीवाले आता बसस्टँडबाहेर पूर्वीसारखे दिसत नाहीत. तेलाच्या बाटल्या मोबाईलवर दिसतात. आत खरोखर सांडा आहे की नुसतं रंगवलेलं पामतेल, हे ती घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पामतेल असावं अशी मी प्रार्थना करतो.

आणि हे फक्त अडाण्यांचं काम असं समजायचं कारण नाही. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या जुन्या लोकांना 'युरोमॅस्टिक्स', म्हणजे हाच सांडा, आठवत असेल. पाठ्यपुस्तकात सरपटणाऱ्या प्राण्यांचा नमुना म्हणून तोच. त्याची कवटी, त्याचं हृदय, त्याच्या धमन्या, सगळ्या आकृत्या मीही नावं देऊन काढल्या आहेत. उत्तर भारतातल्या महाविद्यालयांत तर तो विच्छेदनाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून मांडला जायचा, पिढ्यान् पिढ्या. हे प्राणी प्रयोगशाळेत वाढवलेले नव्हते, माळावरून उचललेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करायला लावलं ते २०११ नंतर. इतकी वर्षं आम्ही त्याच्या आतड्याची लांबी पाठ केली आणि तो काय खातो, कुठल्या जमिनीत राहतो, हे परीक्षेत कधी आलं नाही.

घोरपडीचं नशीब याच पंगतीतलं. पूजेच्या दुकानात 'हाताजोडी' नावाचं एक दुर्मीळ मूळ मिळतं, दोन हात जोडल्याच्या आकाराचं, तिजोरीत शेंदूर लावून ठेवलं की लक्ष्मी टिकते म्हणे. २०१७ च्या सुमारास छापे पडले, तपासण्या झाल्या, आणि ते मूळबीळ काही नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं उघड झालं. किती सुशिक्षित घरांच्या देव्हाऱ्यात ते असेल, देव जाणे.

सापांचं थोडं निराळं आहे. त्यांना कुणी तेलासाठी मारत नाही, भीतीनं मारतं, आणि त्या भीतीला आधार आहे. पश्चिम राजस्थानात 'पीवणा' नावाच्या सापाची दहशत आहे. तो रात्री छातीवर बसून झोपलेल्या माणसाचा श्वास पितो आणि पहाटे माणूस दगावतो, असं सांगतात. काकोसांनीही मला अगदी गंभीरपणे सांगितलं. तो साप म्हणजे सिंध मण्यार. मण्याराचे दात इतके बारीक की जमिनीवर झोपलेल्याला चावल्याचं कळतही नाही, जखम दिसत नाही, सूज येत नाही. विष मज्जातंतूंवर चढतं, पापण्या मिटतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. घरच्यांनी जे पाहिलं तेच त्यांनी सांगितलं: श्वास गेला. यात माझ्यासारख्यानं हसण्यासारखं काय आहे? आपलं सर्पविषविरोधी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं. पिंपरीला हाफकिनच्या घोड्यांपासून बनलेलं औषध असो की आणखी कुठलं, मूळ तेच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की सिंध मण्यारीच्या जहाल विषापुढे हे औषध अपुरं पडतं. ज्या गावाला औषधाची खात्री नाही त्या गावाला 'साप मारू नका' हे सांगायला मला तरी तोंड नाही.

पण तेल, ट्रे, भीती या सगळ्यांनी मिळून सांड्याचं जेवढं नुकसान केलं असेल त्याहून मोठं नुकसान एका शब्दाच्या शिक्क्यानं केलं आहे. पडीक. सरकारी दप्तरात आणि उपग्रहाच्या नकाशांवर ही जमीन 'वेस्टलँड' या सदरात पडते. तिचे देशभरातले नकाशे पुस्तकरूपात निघतात, आणि त्यांत गवताळ माळ, खुरटी झुडपं, वाळू, खडकाळ पठार हे सगळं एका गाठोड्यात. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी भलं करायची इच्छा प्रत्येकालाच होते.

पहिलं भलं कालव्यानं केलं. सतलज-बियासचं पाणी १९५८ पासून खोदत आणलेल्या इंदिरा गांधी कालव्यातून जैसलमेरपर्यंत पोचलं. घागरीसाठी मैलोन् मैल चालणाऱ्या बाईला त्या पाण्याचं मोल विचारावं. तिच्यापुढे सरड्याची बाजू मांडायची माझी छाती नाही. मोहरी, जिरं, गहू उभे राहिले. नांगर फिरला तिथली बिळं गेली, ओल आली तिथं बीळ टिकेना, आणि कालव्याकाठी, वस्त्यांभोवती विलायती बाभूळ माजली. ही आपल्याकडची वेडी बाभूळ. हिरवी दिसते म्हणून कुणी तिला वाईट म्हणत नाही. तिच्या सावलीत सेवण उगवत नाही आणि सांड्याला ऊन मिळत नाही.

दुसरं भलं आता चालू आहे. पवनचक्क्या आधी आल्या. मग सौर. फलोदीजवळचं भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचं, सुमारे चौदा हजार एकरांवर. सौर पॅनेलना काय लागतं? भरपूर ऊन, सपाट आणि घट्ट जमीन, झाडं नकोत, पाणी तुंबायला नको. वर सांड्याच्या अटी सांगितल्या, त्या पुन्हा वाचा. दोघांची मागणी एकाच प्लॉटला आहे आणि दोघांपैकी एकाकडे वकील आहे.

आमच्याही छपरावर पॅनेल आहेत. कोळशाची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. माझी तक्रार एवढीच की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना आधी पर्यावरण परवानगी घ्यावी लागते त्यांत सौर आणि पवन प्रकल्प येत नाहीत. धूर नाही म्हणून परिणाम नाही, असा हिशेब. म्हणजे जेसीबी लावण्यापूर्वी या जमिनीत कोण राहतं हा प्रश्न कायद्यानं कुणी विचारायचाच नाही. काम हिवाळ्यात काढलं तर मजुरांना बरं पडतं. जमीन सपाट करताना खाली जे असतात ते त्या वेळी गारठून निपचित पडलेले असतात, दार बुजवून. त्यांना पळायची संधीही नाही आणि त्यांची हाडंही कुणाला दिसत नाहीत. मेलेला माळढोक तारेखाली पडलेला सापडतो, त्याचा फोटो निघतो, बातमी होते. जमिनीतल्या जमिनीत गाडलेल्या सांड्याची कसली बातमी?

माळढोकाच्या तारांचं प्रकरण मात्र सर्वांना ठाऊक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थारमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ८४ हजार पक्षी विजेच्या तारांवर मरतात, सगळ्या जातींचे मिळून. माळढोक जड, उडताना नजर खाली जमिनीकडे, समोरचं कमी दिसतं, शेवटच्या क्षणी वळता येत नाही. जगात दीडशेही उरले नसतील, आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवर हे शक्य नाही म्हणून तो आदेश मागे घेऊन समिती नेमली. सम आणि रामदेवराच्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवताहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. त्या मंडळींच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण ही पिल्लं उद्या सोडायची ती कुठे? ज्या माळावर सांडा नाही, टोळ नाहीत, सेवण नाही, तिथं माळढोक सोडणं म्हणजे रिकाम्या खाणावळीत पाहुणा बसवणं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. १९७९ मध्ये कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य काढलं, त्यात गावं, शेतं, अख्खे तालुके आले, लोक वैतागले, पुढे ते १,२२२ वर आणलं. रेषा मोठी होती तेव्हाही माळ आक्रसत होता, रेषा लहान झाली तेव्हाही. माळढोक आता तिथं नावालाच.

पवनचक्की आणि सरडा यांचं नातं तर साताऱ्यानंच जगाला शिकवलं. चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सुंदर सरडा आहे, सराडा सुपर्बा, शास्त्राला तो वेगळी जात म्हणून कळला २०१६ मध्ये. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे, हर्षल भोसले यांनी पठाराच्या चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. मग सरडे वाढले. इथवर कुणालाही वाटेल, छान झालं, सरड्यांचं फावलं. पण ते सरडे हडकुळे होते, नरांच्या गळ्याचा रंग फिका होता, रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते. डोक्यावरची घार गेली, खाणारी तोंडं वाढली, वाट्याला येणारा घास घटला. शिरगणतीत आकडा वाढलेला दिसला असता आणि अहवालात हिरवी खूण पडली असती. चाळकेवाडीचे हे हडकुळे सरडे वाचल्यापासून मला 'संख्या स्थिर आहे' या वाक्याचा भरवसा वाटेनासा झाला आहे.

थारमध्ये याला उत्तर शोधायचं तर मला नकाशावरच्या अभयारण्यापेक्षा ओरण जवळचं वाटतं. जैसलमेरचं राष्ट्रीय मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, आत गावं आहेत, आणि गावकऱ्यांचा त्याच्याशी झगडा जुना आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेली सामायिक जमीन. आपल्या देवराईची बहीण, पण देवराई म्हटलं की गर्द झाडी डोळ्यापुढे येते आणि ओरण बहुतांशी उघडं. देगराय मातेच्या ओरणात लाकूड तोडत नाहीत, नांगर घालत नाहीत. उंट, गाई, शेळ्या चरतात, चिंकारा चरतो, सांडा चरतो. माणसाला उपयोग आहे म्हणूनच ते शतकानुशतकं राखलं गेलं. कुंपण घालून माणूस बाहेर काढण्याचा विचार तिथं कुणाच्या डोक्यात आला नाही. "माताजी की जमीन है," एवढं काकोसा म्हणाले आणि जीप ओरणाच्या आतून न नेता बाहेरून वळसा घेऊन नेली. डिझेल माझं होतं, पण मी काही बोललो नाही.

अडचण अशी की माताजींच्या नावाचा सातबारा नसतो. अशा कित्येक ओरणांचा बराच भाग महसुली दप्तरात ओरण म्हणून चढलेलाच नाही, सरकारी पडीक म्हणून आहे, आणि म्हणून तो कंपन्यांना देता येतो. देगरायच्या ओरणातूनही उच्चदाबाच्या तारा गेल्या. गावकरी कोर्टात गेले, पायी यात्रा काढल्या, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत अर्ज केले. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला सांगितलं की ओरणांसारख्या देवराया जागेवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजा, आणि वन म्हणून अधिसूचित करा.

निकाल चांगला आहे, तरी गावातले काहीजण धास्तावलेत. वन म्हटलं की वनखातं येणार, मग शेळ्यांना बंदी होणार का, लग्नकार्याला डिंक आणि केरची फळं आणता येणार का. मला दुसरी धास्ती. वन म्हटल्यावर कुणीतरी उत्साहानं वृक्षारोपण काढेल, आणि त्या उघड्या मुरमाड तुकड्यावर, जिथं बिळांची वस्ती आहे, खड्डे खणून रोपं लावील. उपग्रहाला झाड दिसतं. वीतभर रुंदीचं बिळाचं तोंड दिसत नाही.

म्हणून मोजणी पायीच व्हायला हवी, आणि गुराख्यांना बरोबर घेऊन. कुठल्या टापूत किती बिळं नांदती आहेत ते त्यांना तोंडपाठ असतं. आणि ती मार्चमध्ये व्हावी, ऊन वर आल्यावर. सरकारी पथकं थंडीत येतात, हवा बरी असते म्हणून. जानेवारीत आले तर एकूण एक सांडा आत, माती लोटून बसलेला, आणि पंचनाम्यात लिहिलं जाईल की जमीन मोकळी आहे.